नॉर्मनांचा तलाव

ड्यूक सर कधीच जिंकणाऱ्याच्या बाजूनं खेळले नाहीत. टेबलावरचा खेळ त्यांचा, बोटभर शिपाई त्यांचे, नियमही त्यांनीच बसवलेले. पण समोर कुणी येऊन बसलं की नॉर्मनांचं अख्खं घोडदळ त्याच्यापुढे सरकवायचे आणि स्वतः इंग्लंडातली हरलेली गावं घेऊन बसायचे. "जिंकलेला काय जी, बसून खाते," म्हणायचे, "हरलेल्याले रोज नवीन डोकं लावा लागते." हे ऐकून माझे बाबा पोट धरून हसले होते. माझे बाबा! ज्यांचे दात मी फक्त दाढी करताना पाहिले होते, ते. मी दारात डबा घेऊन उभी होते. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही.

सर साकोलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. नॉर्मंडीच्या ड्यूकवर तासन्‌तास बोलायचे म्हणून पोरांनी त्यांचं नाव ड्यूक ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की किराणावालाही "ड्यूक सरचं सामान" म्हणून पिशवी बाजूला काढायचा. मूळचे पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. लग्न केलं नव्हतं. बाबांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले तेव्हा एक पलंग, एक गॅसची शेगडी आणि मिठाईच्या डब्यांत कापूस घालून ठेवलेलं सैन्य, एवढाच त्यांचा संसार. भांडी नंतर मीच दिली.

मी त्याच गल्लीत राहते, दोन घरं सोडून. तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं आणि स्टेशनरीचं दुकान आहे. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, उभी नोकरी मालगुजारांनी बांधलेल्या जुन्या तलावांवर गेली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही, मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न करून दिलं, आणि या सगळ्यात माझ्याशी ते जे काही बोलले ते एका पोस्टकार्डावर मावेल. दोन वेळचा डबा मी नेऊन द्यायची. "ठेव तिथं." झालं बोलणं. मला आईचा चेहरा फोटोपुरता माहीत, आवाज तर आठवतच नाही. लहानपणी खोदून खोदून विचारायची, आई कशी होती? बाबा म्हणायचे, "होती चांगली," आणि कुदळ घेऊन परसात जायचे. माझं वय वाढलं, मला लेकरं झाली, तरी माझी आई "होती चांगली" याच्या पुढं सरकली नाही.

आता हे नॉर्मन कोण, ते सांगायला हवं. साडेनऊशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून नॉर्मन लोक बोटीनं इंग्लंडात उतरले, हेस्टिंग्जला एका दिवसाच्या लढाईत तिथल्या राजाला मारलं आणि त्यांचा ड्यूक तिथला राजा झाला. जगात हौशी लोक असतात, ते अशा लढाया बोटभर शिपायांनी टेबलावर पुन्हा लढतात. फासे टाकायचे, पट्टीनं अंतर मोजायचं, मेलेला शिपाई उचलून बाजूला ठेवायचा. सरांचं मात्र उलटंच. त्यांना ती लढाई नको असायची. "लढाई एका दिवसात आटपली," ते म्हणायचे, "खरी कटकट दुसऱ्या दिवशीपासून." त्यांचा खेळ त्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा. मूठभर परके लोक, भाषा वेगळी, सभोवताली सगळा देश दात खाऊन बसलेला. तर राज्य कसं करायचं, करून दाखवा. नॉर्मनांच्या बाजूनं खेळणाऱ्यानं किल्ले बांधायचे, वसुली करायची, जमिनी वाटायच्या. सर गाव होऊन धान्य लपवायचे, पूल तोडायचे, दलदलीत दडून बसायचे.

सैन्य पाहण्यासारखं होतं, एवढं मी कबूल करते. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे लहान पोरं जे लाकडी बैल घेऊन मिरवतात, ते बनवणाऱ्या भंडाऱ्याच्या एका सुताराकडून सरांनी घोडे करून घेतले होते. त्या माणसानं जन्मभर बैलच केलेले. घोडे झाले सुरेख, मानेचा बाकसुद्धा बरोबर, पण हाताच्या सवयीनं प्रत्येकाच्या पाठीवर वशिंड आलं. दुसरा कुणी असता तर परत केले असते. सरांनी स्वार वशिंडाच्या मागं बसवले आणि म्हणाले, "पकडाले बरं झालं." शिपाई ते स्वतः एम-सीलचे करायचे, नाकावर पट्टी आलेलं टोपडं, पतंगाच्या आकाराची ढाल, आणि ढालीवर एका केसाच्या ब्रशनं रंग. तहान लागली तरी उठायचे नाहीत.

बाबा पहिल्यांदा वर गेले ते भांडायला. रंगाचा वास खाली येतो म्हणून. सकाळी गेले ते दुपारी डबा घेऊन मी पोचले तरी वरच. सर त्यांना समजावून सांगत होते की राजानं जिंकलेली जमीन आपल्या सरदारांना दिली, सरदारानं गाव सांभाळायचं, वसूल द्यायचा, लढाईला घोडेस्वार पुरवायचे.

"म्हणजे मालगुजार," बाबा म्हणाले.

"हाव काकाजी. फक्त घोड्यावरचा."

"आमच्या गावचा बी घोड्यावरच ये," बाबा म्हणाले आणि खुर्ची पुढं ओढून घेतली. मग राजानं जंगल स्वतःसाठी राखून ठेवलं, तिथं हरीण मारलं तर लोकांना जबर शिक्षा, हे ऐकून तर ते इतके खूश झाले की विचारू नका. नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला वाढलेल्या माणसाला यात नवीन काय सांगायचं? "पुढचं सांगू नका," म्हणाले, "लाकडं आनाले गेलेल्या बाईले बी धरलं असन."

तो रविवार, आणि मग दर रविवार.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी एक गोष्ट घडली. सरांनी बाबांना सरदार केलं, टेबलावर एक मुलूख दिला आणि विचारलं, "काकाजी, पहिले काय बांधता? मातीचा ढीग करून त्याच्यावर लाकडी किल्ला, ते तसंच करत." बाबा बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिले. हिरव्या रंगात बुडवलेलं पोतं, त्याखाली प्लायवूडच्या टेकड्या. बोटानं दोन टेकड्यांमधली खोलगट जागा दाखवून म्हणाले, "इथं पाळ टाकतो."

"काय टाकता?"

"पाळ. मातीचा बांध. तलाव बांधतो. नवीन मुलखात आला अन् तलाव नाही बांधला तर लोक त्याले मालक कायले म्हनतीन?"

सर म्हणाले, "काकाजी, तिथं बाराही महिने पाऊस पडते."

"पडते तं जाते कुठं?"

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, तेवढ्या अधिकारानं दारातूनच म्हटलं, "सर, इंग्लंडमध्ये मालगुजारी तलाव? काहीही काय!" सर माझ्याकडे वळून म्हणाले, "चूक आहे ताई, शंभर टक्के चूक आहे. पण मजेची चूक आहे." पुढच्या रविवारी टेबलावर पत्र्याचा निळा तलाव होता, आणि नियम नवे. तलाव बांधणाऱ्या सरदाराच्या मुलखात बंडाचा फासा एकानं कमी. बाबा टेबलाशी ताठ बसले होते. मी बी.ए. झाले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "फोटो काढाचा आहे का?"

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा मिळाला तर या बाईचं काय जातं? जातं ना! मी रामटेकला चला म्हटलं की बाबांचे गुडघे दुखायचे. आणि सर एक दिवस म्हणाले, "काकाजी, टेकडीवरचा किल्ला खालच्या गावाले कसा दाबून ठेवते ते प्रत्यक्ष पाहाचं का," तर हा माणूस मोटारसायकलवर मागं बसून पार तुमसर तालुक्यात, आंबागडला गेला! वर चढला, उतरला, खाली कुणाच्या तरी घरी चहा पिऊन परत आला. संध्याकाळी मी गुडघ्यांना तेल घेऊन गेले तर म्हणतात, "कायले? काही दुखत नाही." मी तेलाची बाटली तशीच घेऊन घरी आले आणि नवऱ्यावर उगाच डाफरले.

मीही प्रयत्न केला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर नॉर्मनांचं वाचायची. एका रविवारी डबा ठेवला आणि सहज बोलल्यासारखं म्हटलं, "उत्तरेकडं बंड झालं तेव्हा त्यांनी गावंच्या गावं जाळली म्हणे, लोक उपाशी मेले." बाबा टेबलावरून नजर न काढता म्हणाले, "मधात बोलू नको, फासा पडून राहिला." सर चटकन म्हणाले, "ताई बरोबर सांगून राहिल्या काकाजी." या चांगुलपणानं तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाईट वागला असता तर भांडले तरी असते. हा माणूस माझ्या झिंग्याच्या भाजीची तारीफ करायचा, आणि मासेमाराच्या घरातला असल्यानं तारीफ खरी असायची. मी दिवाळीत पोरांना त्यांच्याकडे फराळ देऊन पाठवायची ते बाबांच्या भीतीनं नाही. मलाही ते आवडायचे. ते आवडायचे म्हणून तर जास्त जळायची.

मग तो दिवस आला. पावसाळ्याचे दिवस होते. मी जिना चढत होते, वरून बाबांचा आवाज येत होता. इतका सलग आवाज, की मला वाटलं रेडिओ लावलाय. "...हिची माय पाळीवून चालत ये, डोक्यावर शिदोरी, अन् मले दुरूनच शिव्या देत ये..." सर हसत होते. फासा पडल्याचा आवाज आला. हिची माय म्हणजे माझी आई! माझी आई शिव्या देत असे? काय शिव्या देत असे? मी भिंतीला धरून उभी राहिले, पण डब्याचं झाकण वाजलं. बाबा म्हणाले, "कोन आहे?" आणि मी आत गेले तेव्हा आई संपली होती. "ठेव तिथं," बाबा म्हणाले.

संध्याकाळी मी विचारलं, "बाबा, आईचं काय सांगत होतात सरांना?" म्हणाले, "काही नाही, खेळाचं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीशी ओलांडलेली बाई मी, अंगणात उभी राहून ओरडले, "ती माझी आई होती, त्या भाडेकरूची नाही!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलल्यासारखे वाटले, आणि मग ते गुमान आत जाऊन अंथरुणावर पडले. दुसऱ्या दिवशी मी सरांना जिन्यात गाठलं. त्यांनी मान खाली घातली. "ताई, ते काकाजींचं आहे. मी सांगणं बरोबर नाही. त्यांनाच बोलतं करा." मोठा आला इमानदार! बोलतं करा म्हणे. कसं करू, हातात घोडे घेऊन येऊ?

तेव्हापासून दर रविवारी दुपारी माझी आई वरच्या खोलीत जिवंत व्हायची आणि मी डबा घेऊन आले की मरायची. मी किती हळू चढले तरी उपयोग नसायचा. तलावावर आयुष्य काढलेल्या माणसाचे कान ते, बेडकाच्या उडीनंही जागे व्हायचे. दाराबाहेर मला एखादा शब्द मिळायचा, 'रोवणा', 'लुगडं', 'मगर'. मगर? साकोलीच्या तलावात मगर कुठून आली? रात्रंदिवस तो शब्द डोक्यात फिरायचा. सरांना मात्र सगळं ठाऊक. मला कधी कधी वाटायचं की हा माणूस माझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो, आणि ते खरंच होतं.

धानाच्या कापणीच्या दिवसांत बाबा गेले. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले, गेले. तिरडीला खांदा द्यायला सर होते. आणि काय सांगू, सर रडले! इतके रडले की गल्लीतली सगळी माणसं त्यांच्याभोवती जमली, कुणी पाठीवर हात फिरवतोय, कुणी पाणी देतोय. बापाची एकुलती एक पोर मी, कोरड्या डोळ्यांनी बाजूला उभी. माझ्या बापासाठी रडायचा मानसुद्धा त्या माणसानं नेला, असं मला त्या घाटावर, चितेच्या समोर वाटलं. मनात काय येईल याच्यावर कुणाचा ताबा असतो?

पुढं महिन्याभरानं सर किल्ली द्यायला आले. पवनीकडच्या कॉलेजात जागा मिळाली होती, त्यांची आई थकली होती, गावी राहणार होते. मी किल्ली घेतली नाही. म्हटलं, "सर, आता ते काकाजींचं राहिलं नाही. आता माझं आहे. बाबांनी आईचं जे जे सांगितलं ते मले सांगा."

सरांनी किल्ली परत खिशात टाकली. मग म्हणाले, "असं बसून नाही आठवणार ताई. काकाजी कधी नुसतं बसून बोललेच नाहीत. हात चालू असला का बोलत. मांडू का?"

ऐन दुपारी त्यांनी बांधलेले डबे सोडले, पोतं अंथरलं, टेकड्या ठेवल्या. नॉर्मन माझ्यापुढं सरकवले. मी आधीच पेटलेली. म्हटलं, घ्या, आणि पहिल्याच डावात टेकडीवर किल्ला ठेवला. सरांनी फासा टाकला, एक गाव हलवलं, आणि बोलले काहीच नाहीत. मी दुसरा किल्ला ठेवला. तरी नाही.

"का हो सर?"

"ताई, इथं काकाजी किल्ला नाही ठेवत. या डावात काही आठवून नाही राहिलं."

"मी काकाजी नाही!"

"नाही," सर म्हणाले, "तुम्ही तुमचंच खेळा. मी थांबतो."

ते खरंच थांबले. हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे न पाहता. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, भोंगा वाजवत. मग मी दोन्ही किल्ले उचलले आणि दोन टेकड्यांच्या मधे पत्र्याचा तलाव ठेवला. पाळीसाठी लाकडाची पट्टी होती, ती बाबा कशी लावायचे ते सरांनी दाखवलं, आणि पट्टी लावता लावता ते बोलायला लागले.

आई लग्न होऊन आली तेव्हा बाबांनी तिला सांगितलं होतं, तलावात मगर आहे. गंमत म्हणून. तिनं वर्षभर पाण्यात पाय घातला नाही, आणि खोटं कळलं तेव्हा भर पाळीवर पायातली चप्पल काढून त्यांच्या मागं धावली. आई रोवण्याला, म्हणजे धान लावताना, गाणं म्हणायची ते इतकं बेसूर की बांधीतल्या बाया हसून हसून चिखलात बसायच्या, आणि ही त्यांच्यावर चिडून आणखी मोठ्यानं म्हणायची. आईला झिंगे आवडायचे नाहीत. आई रागीट होती. नवं लुगडं नेसलं की उगाच पाळीवर दोन फेऱ्या मारायची. प्रत्येक चालीला थोडी थोडी येत होती. मी घोडे हलवत होते, चुकत होते, फासे कुठं पडतात तेही पाहत नव्हते.

"बाबा माझ्याशी का नाही बोलले हो?" मी विचारलं.

"तुम्ही रडाल याची भीती वाटे त्यांना. त्यांनीच सांगितलं."

"रडले असते! रडले असते तर काय बिघडलं असतं?"

सरांनी बंडाचा फासा टाकला, बंड झालं नाही, त्यांनी आपलं गाव मागं घेतलं. मग म्हणाले, "आणखी एक आहे. हे काकाजी पुन्हा पुन्हा सांगत. तुम्ही तीनेक वर्षांच्या होत्या. संध्याकाळी ते तलावाचं शेतीले सोडलेलं पाणी बंद करून पाळीवर बसत, काकू चहा घेऊन येत अन् बाजूले बसत. ते तुम्हाले खपत नव्हतं. तुम्ही दोघांच्या मधात घुसत, काकूले दोन्ही हातांनी ढकलत, बाबांच्या बाजूले कोणी बसलं का आकांत. एक दिवस काकू उठल्या, हसल्या, अन् तुम्हाले उचलून काकाजींच्या मांडीवर ठेवलं." इथं सरांचा आवाज बारीक झाला. बाबा आईची नक्कल करत असतील, तशी नक्कल ते करत होते. "'घे माय, बस. बाप तुयाच आहे. मी कोन घेनारी!'"

मी रडले. घाटावर रडले नव्हते ते सगळं तिथं रडले. सरांनी पाणी आणून दिलं आणि पाठ करून शिपाई कापसात गुंडाळत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोनं गेले. मी शिदोरी बांधून दिली, पोरांनी पाया पडून घेतलं.

आता आईची आठवण काढली की ती कोंढ्याच्या मास्तराच्या आवाजात बोलते, त्याला इलाज नाही. कधी कधी सरांचा फोन येतो, "ताई, बरं चाललं न?" विचारतात. मी म्हणते बरं आहे. माणूस सोन्यासारखा, त्याच्याबद्दल वाईट बोलणाऱ्याचं मी तोंड फोडीन. पण 'बाप तुयाच आहे' हे माझ्या आईनं मला दिलेलं वाक्य, आणि ते एवढी वर्षं त्यांच्याजवळ होतं. दर रविवारी ते ऐकत होते, आणि दर रविवारी मी दाराबाहेर उभी होते.